पस्तीसवर अकरा जण

माणूस खोटं बोलेल, आकडा कधीच नाही, अशी छकुलीची ठाम समजूत होती. छकुली हे तिचं घरातलं नाव. वय चौतीस, नाकावर जाड चष्मा आणि विद्यापीठात मानसशास्त्राचं संशोधन; पण घरात ती छकुलीच राहिली. तुझ्यामुळे आपल्याला कायम उशीर होतो, असं नवरा एकदा म्हणाला. तिने वाद घातला नाही. चाळीस दिवस गुपचूप वही ठेवली आणि एकेचाळिसाव्या सकाळी चहाच्या कपाशेजारी आलेख ठेवला. सरासरी उशीर अकरा मिनिटं, त्यातली नऊ नवऱ्याचे मोजे शोधण्यात गेलेली. तेव्हापासून नवरा काही बोलायच्या आधी म्हणतो, "हे मी मोजून सांगत नाहीये हं, सहज बोलतोय."

तर अशा या छकुलीच्या संशोधनाचा प्रश्न साधा होता. शब्दकोडी सोडवल्याने म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती सुधारते का? लोक म्हणतात, सुधारते. लोक काहीही म्हणतात. म्हणून तिने ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रातली साठ माणसं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट पाडले. तीस जणांनी आठवड्यातून दोनदा कोडी सोडवायची, तीस जणांनी तेवढाच वेळ पेपर वाचायचा. बारा आठवडे. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही गटांची शंभर गुणांची स्मरण-चाचणी.

वाचन गटावर लक्ष ठेवायला केंद्राचा कारकून तयार झाला. कोड्यांच्या गटासाठी कुणी मिळेना. शेवटी छकुलीने मावशीला विचारलं. मावशी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून घरच्या किराणा याद्यांमधल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढून दिवस ढकलत होती. ती अशी काही खुलली की, दुसऱ्या दिवशी नवी लाल पेन्सिल टोक करून हजर. दोन्ही गटांचे पेपर तपासायचं कामही तिनेच मागून घेतलं. शिकवणाऱ्याने पेपर तपासू नयेत हे छकुलीला पाठ होतं, इतरांना ती ते शिकवतही असे. पण मावशी घरची होती आणि फुकट होती.

बारा आठवड्यांनी निकाल आला तेव्हा छकुलीने तो तीनदा मोजला. वाचन गटाची सरासरी बेचाळीसवरून त्रेचाळीस. कोड्यांच्या गटाची एक्केचाळीसवरून थेट त्रेपन्न. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. तिचे मार्गदर्शक सर मोठे सावध गृहस्थ. तेही कागदावरून नजर न काढता म्हणाले, "छान आहे हे." मग त्यांनी शुक्रवारी ज्येष्ठांची केंद्रं चालवणाऱ्या समितीपुढे सादरीकरण ठरवलं. समितीला पटलं, तर आणखी तीन केंद्रांत अभ्यास करायला मंजुरी मिळणार होती.

बुधवारी दुपारी विभागातल्या खोलीत बसून छकुली सादरीकरणासाठी आलेख काढत होती. किती गुण किती जणांना, एवढंच दाखवायचं होतं. वाचन गटाचा आलेख छान आला, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेला. कोड्यांच्या गटाच्या आलेखाला मात्र टक्कल पडलं होतं. पंचवीस ते चौतीस या गुणांत एकही माणूस नाही. आणि पस्तीसवर, अगदी बरोबर पस्तीसवर, अकरा जण दाटीवाटीने उभे.

तिला वाटलं, संगणक बिघडला. तिने तो बंद करून परत चालू केला. टक्कल तिथेच.

तिने कपाटातून उत्तरपत्रिकांचा खोका काढला. पहिल्याच पत्रिकेवर, निवृत्त पोस्टमनच्या, सुबक लाल अक्षरांत लिहिलं होतं: अठ्ठावीस अधिक सात, पस्तीस. पुढच्या पत्रिकेवर: सुवाच्य अक्षरासाठी पाच. त्याच्या पुढच्या पत्रिकेत एका आजींनी नऊ प्रश्नांपुढे 'आठवत नाही' लिहिलं होतं. समासात नोंद होती: प्रामाणिकपणाचे दोन.

छकुली खोका काखेत मारून तशीच मावशीकडे गेली. मावशी खिडकीत बसून मटार सोलत होती.

"मावशी, हे काय आहे?"

मावशीने चष्मा वर सरकवून पाहिलं. "ग्रेस मार्क."

"स्मरणशक्तीला ग्रेस?"

"अगं, सात गुणांसाठी माणसाला नापास करू? चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटली त्याने. एकही चुकीच्या घरी गेलं नाही, म्हणाला."

"पण या चाचणीत नापास असं काही नसतंच."

"मग पास तरी कशाला असतं?" मावशीने विचारलं. छकुलीने खोक्यातला दुसरा गठ्ठा पुढे केला.

"आणि वाचन गटाला का नाही दिलेस? त्यांचं अक्षर वाईट होतं?"

"त्यांची माझी ओळख कुठे होती?" मावशी अगदी सरळपणे म्हणाली. मग छकुलीचा चेहरा पाहून तिचे हात थांबले. "काही चुकलं का गं माझं?"

रागवायचं असं पक्कं ठरवून छकुली आली होती. पण मावशीने मटाराचं ताट बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन ती बसली, वर्गात उशिरा आलेल्या मुलीसारखी. छकुलीच्या मनात आलं, नियम मावशीला माहीतच नव्हता. मला माहीत होता.

"चुकलं ते माझं," ती म्हणाली आणि मटार सोलायला बसली.

गुरुवारी सकाळी तिने सरांना सगळं सांगितलं, टक्कल, पस्तीस, प्रामाणिकपणाचे दोन. सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. छकुलीला वाटलं, संशोधनाची तीन वर्षं पाण्यात गेली. मग लक्षात आलं की, सरांचे खांदे हलताहेत. ते हसत होते.

"हे तू शोधलंस कसं?"

"आलेख काढला म्हणून दिसलं, सर."

"मग झालं तर. आकड्यांचं कामच ते. आपल्याला जे हवं असतं ते सोडून बाकीचं दाखवायचं." सरांनी डोळे पुसले. "उत्तरं तर बदललेली नाहीत ना? मग परत तपासून घे. आणि तपासणाऱ्याला नाव दिसता कामा नये, गट दिसता कामा नये."

विभागातल्या दोन सहकाऱ्यांनी, ज्यांची त्या साठांपैकी कुणाशीही ओळख नव्हती, नावं झाकून सगळे पेपर दिवसभरात पुन्हा तपासले. वाचन गट त्रेचाळीस. कोडी गट चव्वेचाळीस. एवढा फरक कुठल्याही दोन गटांत उगाचच पडू शकतो. म्हणजे कोड्यांनी स्मरणशक्ती सुधारते असं म्हणायला आधार नाही.

शुक्रवारी छकुलीने समितीला हेच सांगितलं, आधीच्या घोटाळ्यासकट. समितीच्या अध्यक्ष बाई ऐकता ऐकता शेवटचं पान चाळत होत्या.

"हजेरीचे हे आकडे बरोबर आहेत?" त्यांनी विचारलं. "सातशे वीस हजेऱ्यांपैकी वाचन गटात दोनशे चौदा गैरहजेऱ्या, आणि कोडी गटात फक्त नऊ?"

छकुलीने त्या पानाकडे धड पाहिलंही नव्हतं. "हो," ती म्हणाली.

"मग कोडी सोडा. ही माणसं घराबाहेर पडून येतात कशाने, ते शोधा. आमच्या केंद्रांत खुर्च्या रिकाम्या असतात." तीन केंद्रांना मंजुरी मिळाली. फक्त एक अट पडली. एकाच शिक्षिकेवरून निष्कर्ष काढता येणार नाही, तेव्हा आणखी तीन मावश्या शोधाव्या लागतील.

छकुली धावतच मावशीकडे गेली. मावशीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "नऊ ना? हो, तेवढेच खाडे लावले मी."

छकुली उभी होती ती खाली बसली. "लावले म्हणजे?"

"कुणाचा गुडघा दुखतो, कुणाकडे नातवंडं येतात. फोन करून कळवलं, तर त्याची गैरहजेरी कशी लावायची? मनाने आलेच होते की."

"मावशी. असे किती?"

मावशीने बोटांवर मोजलं. प्रत्येकाचं कारण आणि वार तिच्या तोंडपाठ होता. "सात."

छकुलीने वही काढली. नऊ आणि सात, सोळा. एका बाजूला दोनशे चौदा, दुसऱ्या बाजूला सोळा. तिने गणित दोन वेळा केलं. निष्कर्षाचा केसही वाकडा झाला नव्हता. तिने सुस्कारा सोडला आणि समितीसाठी दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं.

"त्यात एक कमी कर," मावशी म्हणाली. "पोस्टमन येत नाही म्हणून कळवूनही शेवटच्या पाच मिनिटांत आला होता एकदा. धापा टाकत."

छकुलीने मावशीकडे पाहिलं. मग तिने पत्रात रीतसर नियम घातला: वर्ग सुटण्यापूर्वी आलेला प्रत्येक जण हजर धरावा. नियम दोन्ही गटांना सारखाच लावला. वाचन गटात त्याचा फायदा एकालाही झाला नाही. तिथे उशिरा कुणी येतच नसे, सगळे लवकर निघून जात.

शेवटी तिने आकडा लिहिला. पंधरा.