चारशे दोन नंबरचे आजोबा

प्यो हान्सोलने बुधवारी संध्याकाळी फोन बंद केला, लोकरीच्या मोज्यात कोंबला, मोज्याला गाठ मारली आणि कपाटात हिवाळी रजईखाली पुरून टाकला. हातातलं घड्याळ काढून तेही त्याच्याच शेजारी निजवलं. मग खोलीच्या मधोमध उभी राहून ती मोठ्यांदा म्हणाली, "आता शोधा!"

कोणी शोधायला आलं नाही. येण्यासारखं तिला बुसानमध्ये कोणी नव्हतंही.

हान्सोल मूळची वान्दो बेटावरची. आई तिथे समुद्री शेवाळ वाळवण्याच्या कामावर जायची आणि दर रविवारी फोन करायची. बुसानच्या विद्यापीठात हान्सोलचं तिसरं वर्ष चालू होतं, आणि त्या सत्रात तिने 'तंत्रज्ञान आणि नीती' हा विषय घेतला होता. प्राध्यापक यांगनी वर्गाला सांगितलं होतं, "तुमच्याबद्दल कोणाला काय काय माहीत आहे, ते आठवडाभर लिहून काढा. मग त्यावर विचार करा आणि निबंध द्या." बाकीच्या मुलांनी हे काम शेवटच्या दिवसावर ढकललं आणि सगळी मिळून कॉफी प्यायला गेली. हान्सोलला कॉफीला कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे तिने ते त्याच दिवशी सुरू केलं.

आठवड्याभरात भिंतीवरचा कागद भरून गेला. नकाशाच्या ॲपला ती रोज कुठल्या वळणावर थांबते ते माहीत होतं. दुकानाला तिच्या बुटांचा नंबर माहीत होता. घड्याळाला तर तिची झोप कितीदा मोडते तेही माहीत होतं, आणि ते स्वतःहून कोणाला सांगत असेल याचा नेम नव्हता. सतरा नोंदी झाल्या. सतराव्या नोंदीनंतर तिला चीड आली आणि तिने खोलीचा कोपरा न् कोपरा तपासला. भाताच्या कुकरमागे एक पांढरा प्लग सापडला. त्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता आणि बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'काढू नये'.

कुकर तिचा नव्हता. जुलैमध्ये खोली भाड्याने घेतली तेव्हा तो आधीपासून तिथे होता, आणि घरमालकाने "आधीच्या भाडेकरूने सोडलाय, वापरा," असं फोनवरच सांगितलं होतं. चार महिने आपण रोज याच्यात भात लावतोय आणि मागे हा दिवा आपल्याकडे डोळे मिचकावतोय, या विचाराने हान्सोलच्या अंगावर काटा आला. तिने प्लग उपटला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. मग कागदाखाली गुलाबी पेनाने ठळक लिहिलं, 'बुधवार संध्याकाळपासून मी कोणालाही दिसणार नाही. सापडणार नाही. आता पुरे झालं.' निबंधाची सुरुवात म्हणून ती वाक्यं तिला फार आवडली.

पहिली रात्र छान गेली. गुरुवारी मात्र दुपारी ग्रंथालयात पाव खाता खाता तिच्या लक्षात आलं, की गायब व्हायला आधी आपली कोणीतरी वाट पाहत असावं लागतं. दिवसभरात ती एकूण दोन वाक्यं बोलली. दोन्ही पाववाल्या बाईशी, आणि दोन्ही पावाबद्दल.

शुक्रवारी चार वाजता ती परत आली तेव्हा तिच्या इमारतीकडे जाणाऱ्या चढावाच्या पायथ्याशी अग्निशमन दलाची लाल गाडी उभी होती. गल्लीत ती शिरत नव्हती, म्हणून माणसं हत्यारं खांद्यावर घेऊन पायऱ्या चढून गेली होती. हान्सोल आपल्या इमारतीत शिरली. चौथ्या मजल्यावर जिन्यापर्यंत गर्दी दाटली होती आणि पुढून धाडधाड आवाज येत होते. पुढे घुसता येईना, म्हणून तिने शेवटच्या पायरीवरच्या बाईंना विचारलं, "काय झालं हो?"

बाई साठी ओलांडलेल्या, जांभळ्या जाकिटातल्या. हातात भाजीची पिशवी तशीच. या चारशे एकमधल्या बोंग काकू. हान्सोलने त्यांना आजवर फक्त पाठमोरं पाहिलं होतं.

"काय व्हायचंय! एकटे राहायचे बिचारे म्हातारे. गेले. दोन दिवस झाले म्हणे, कोणाला पत्ता नाही."

"अरे देवा!"

"बघ ना. आणि मी पलीकडेच. मधे एवढीशी भिंत. त्यांचं सगळं ऐकू यायचं मला."

"सगळं?"

"म्हणजे मी काही कान लावत नाही हं भिंतीला. कधीतरी लागतो. रात्री अकराला भात लावायचे. कुकर शिटी मारायचा की मला कळायचं, आता जेवायला बसतील. एकटेच बडबडायचे. कधी कधी रडायचे."

"रडायचे?" हान्सोलचे डोळे भरून आले.

"ऑक्टोबरात तर एकदा तासभर रडत होते. आणि त्याच दिवशी शेवाळाचं सूप केलेलं, वाढदिवसाला करतात ते, सगळ्या मजल्यावर वास. म्हटलं, आज वाढदिवस असणार यांचा. स्वतःच करायचं, स्वतःच प्यायचं. जाऊन बसावं म्हटलं जरा, पण एकट्या पुरुषाचं घर, आपण कसं जायचं?"

हान्सोलला आता हुंदकाच आला. जगात आपल्यासारखंच आणखी कोणी आहे, रात्री अकराला भात लावणारं, आणि तेही याच मजल्यावर, हे तिला इतके दिवस माहीत नव्हतं. तिचाही वाढदिवस ऑक्टोबरातच, सव्वीस तारखेला होता. तिनेही सूप केलं होतं. तिनेही…

तिचा हुंदका अर्ध्यावर थांबला.

"काकू, कुठल्या खोलीतले आजोबा?"

"चारशे दोन."

"चारशे दोन माझी आहे!"

पुढे काहीतरी कडाडलं आणि खणखणत जमिनीवर पडलं. ते तिच्या दाराचं कुलूप होतं.

"थांबा! ती माझी खोली आहे!" हान्सोल गर्दीत घुसली. निळ्या जाकिटातल्या एका घामाघूम तरुणाने तिला अडवलं. हे वॉर्ड ऑफिसचे सोक साहेब. एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस करायचं काम त्यांच्याकडे होतं.

"तुम्ही ग्वाक आजोबांच्या कोण? नात का?"

"नात नाही, मी—"

"नात!" मागून बोंग काकूंचा आवाज चढला. "आत्ता आलीस होय गं? म्हाताऱ्याने भिंतीला तोंड लावून रडायचं आणि तू आत्ता उगवलीस! एकदा तरी दिसली का ही कोणाला इथे?"

"नाही दिसली," तिसऱ्या मजल्यावरचे एक टकले गृहस्थ म्हणाले. ते हान्सोलबरोबर रोज सकाळी कचरा टाकायला उतरत.

"काकू, ऐका तरी. रडणारी मीच—"

"आता रडून काय उपयोग!"

एवढ्यात आतून अग्निशमन दलाच्या माणसाने हाक मारली, "साहेब, माणूस नाही आत! पण चिठ्ठी आहे!"

त्या माणसाने भिंतीवरचा कागद काढून दाराशी आणला आणि घोगऱ्या आवाजात वाचला, "'बुधवार संध्याकाळपासून मी कोणालाही दिसणार नाही. सापडणार नाही. आता पुरे झालं.'"

बोंग काकू मटकन पायरीवर बसल्या. पिशवीतला मुळा घरंगळत तिसऱ्या मजल्यावर गेला.

"वर आणखी लिहिलंय," तो माणूस म्हणाला. "'दुकान: माझ्या बुटांचा नंबर, आणि मी सर्वांत स्वस्त साबण घेते हे. घड्याळ: मी रात्री तीनला जागी असते हे. आई: मी नीट जेवते हे. (खोटं आहे.)'" तो थांबला. "साहेब, आजोबांची आई आहे अजून?"

"आजोबांचं वय ब्याऐंशी आहे," सोक साहेब म्हणाले. त्यांनी कागद हातात घेतला. मग हान्सोलच्या खिशाला लावलेल्या गुलाबी पेनाकडे पाहिलं. मग पुन्हा कागदाकडे.

"तो माझा निबंध आहे," हान्सोल म्हणाली. तिच्या सगळ्या खासगी गोष्टी चौथ्या मजल्याला, तिसऱ्या मजल्याला आणि अग्निशमन दलाला आता तोंडपाठ झाल्या होत्या.

त्याच वेळी सोक साहेबांचा फोन वाजला. दुपारपासून न उचलणारी आजोबांची मुलगी एकदाची लागली होती. तिची गांग्नुंगला मासळीची खानावळ होती, आणि तिचा आवाज सगळ्या जिन्याला ऐकू येत होता. "कोण गेलं? बाबा? बाबा इथे समोर बसलेत. दुसऱ्यांदा भात मागतायत. जुलैपासून माझ्याकडेच आहेत. अहो, कळवायचं राहिलं असेल, खानावळ सांभाळायची की तुम्हाला कळवायचं!"

सोक साहेबांनी फोन ठेवला आणि ते कुकरपाशी जाऊन खाली बसले. हान्सोलने ड्रॉवर उघडून प्लग त्यांच्या हातात दिला. तेव्हा कुठे सगळ्यांना उलगडा झाला. प्लग वॉर्ड ऑफिसचा होता. आजोबांनी भात लावला की ऑफिसच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका यायचा. छत्तीस तास ठिपका आला नाही की सोक साहेबांनी धाव घ्यायची.

"चार महिने," सोक साहेब पुटपुटले, "मी लिहीत होतो, ग्वाक आजोबांची भूक सुधारली. उन्हाळ्यात एकदाच भात लावायचे, सप्टेंबरपासून दोनदा लावायला लागले. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं."

"सप्टेंबरात सुट्टी संपून माझं कॉलेज सुरू झालं, सकाळीही भात लावून निघायचे मी," हान्सोल म्हणाली.

"ऑक्टोबरातल्या एका दिवशी तीनदा लावला होता. तिथे मी लिहिलंय, 'बहुधा पाहुणे आले असावेत. बरं वाटलं.'"

हान्सोलला त्या दिवशीचा भात आठवला. पहिला करपला होता, दुसरा चिकट झाला होता, आणि तिसरा होईपर्यंत तिची भूक मेली होती.

खरं तर याच क्षणासाठी तिने आठवडाभर तयारी केली होती. माझा भात ही माझी खासगी बाब आहे, माझ्या संमतीशिवाय त्याची नोंद ठेवायचा तुम्हाला काय अधिकार, वगैरे सगळं तिच्या जिभेवर होतं. "माझ्या भाताची नोंद तुम्ही कोणाला विचारून ठेवलीत?" एवढं तिने विचारलंही. पण आवाज हवा तसा चढेना.

"तुमची नाही हो ठेवली," सोक साहेब अगदी रडवेले झाले. "आजोबांची ठेवली. त्यांनी सही केली होती. तुमची माफी मागतो मी. कुलपाचे पैसे अर्ज करून भरून देतो."

"आणि मी खरंच आत पडले असते तर?"

"तर छत्तीस तासांत आलो असतो."

हान्सोलने मनातल्या मनात हिशेब केला. आईचा फोन रविवारी. तो उचलला नाही तर आई म्हणणार, अभ्यासात असेल पोर. म्हणजे पुढचा रविवार.

सोक साहेब प्लग घेऊन गेले. त्यांना आणखी दोनशे तेरा घरं होती. अग्निशमन दल गेलं, गर्दी पांगली. हान्सोलने रजईखालून मोजा उकरून फोन चालू केला. दोन दिवसांत तिला दोन निरोप आले होते. एक बुटांच्या दुकानाचा होता. दुसरा घड्याळाचा, 'तुम्ही काल चालला नाहीत.'

दार मात्र लागेना. कुलूपवाला फोनवर म्हणाला, सोमवारी येतो. समुद्राकडून वारा आला की दार सताड उघडायचं, आणि एका खोलीचं घर आरपार जिन्यापर्यंत दिसायचं. वाळत घातलेले कपडे, अंथरूण, बेसिनमधली भांडी, सगळं. हान्सोल आतून दोरी बांधायला काहीतरी शोधत होती, तेवढ्यात बाहेर घसघस आवाज आला आणि दार आपोआप मिटलं.

"किमचीची कोठी लावलीय बाहेरून!" बोंग काकू ओरडल्या. "यंदाच्या कोबीच्या लोणच्याने पूर्ण भरलेली आहे. वाऱ्याच्या बापाला हलायची नाही."

"पण काकू, मी बाहेर कशी येऊ?"

"हाक मार. मी सरकवते."

झालं. शनिवारी सकाळी हान्सोलने पंधरा मिनिटं धीर गोळा करून हाक मारली. कोठी घसघसली, दार फटीएवढं उघडलं.

"कुठे?"

"ग्रंथालयात."

"शनिवारी? कोणाबरोबर?"

"एकटीच."

"जेवलीस काय?"

"हो."

"खोटं. कुकरचा आवाज नाही आला."

नकाशाच्या ॲपने तिला इतके प्रश्न तीन वर्षांत विचारले नव्हते. हान्सोल चिडून परत आत गेली. दहा मिनिटांनी पुन्हा घसघस झालं आणि फटीतून भात, मुळ्याचं सूप आणि वाटीभर किमची आत आली. पाठोपाठ काकू स्वतः आल्या, अंथरुणाच्या कडेला बसल्या आणि ती जेवत असताना घरभर पाहत राहिल्या. "तू काल सांगायला हवं होतंस पण. मी काय काय बोलले तुला!"

"मी सांगतच होते."

"मग मोठ्याने सांगायचं. भिंतीतून एवढं ऐकू येतं आणि समोरासमोर आवाज फुटत नाही तुझा."

मग काकू दुसरीकडे बघत म्हणाल्या, "माझं काय काय ऐकू येतं तुला?"

हान्सोलने विचार केला. टीव्ही ऐकू यायचा. खूप उशिरापर्यंत, एकाच आवाजात. आणि टीव्हीला उत्तरं देणारा एक बायकी आवाज. "काही नाही काकू," ती म्हणाली. "भिंत जाड आहे तुमच्या बाजूने."

"हं," काकू म्हणाल्या. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. "खा, गार होतंय."

रविवारी कोठी अकरा वेळा सरकली. त्यातल्या चारदा हान्सोलला कुठेही जायचं नव्हतं. निबंध अर्ध्या पानावर अडला होता. कोणाला किती कळावं याची रेघ कुठे ओढायची, ते तिला गेल्या आठवड्यात नीट माहीत होतं. आता रेघेच्या नेमक्या जागी बोंग काकू चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

सोमवारी कुलूपवाला आला. नवं बटणांचं कुलूप बसवून त्याने हात पुसले. "आकडे तुम्ही स्वतः घाला. चार आकडे. कोणालाही सांगू नका, अगदी घरच्यांनाही नाही."

बोंग काकू कोठी आपल्या दाराशी ओढून नेत होत्या. त्यांनी पाठ फिरवली आणि छताकडे बघत उभ्या राहिल्या. हान्सोलने आकडे घातले. कुलूपवाला पायऱ्या उतरून गेला, तरी ती दारातच होती.

"काकू," ती म्हणाली, "एक, शून्य, दोन, सहा."

"काय ते?"

"कोड. असू दे तुमच्याकडे. कधी लागला तर."

"छे गं बाई, आकडे कुठले माझ्या लक्षात राहतात! मी आपली दार वाजवेन, तू उघड." काकूंनी कोठीचं झाकण घट्ट दाबलं. "आणि आतून 'कोण आहे, कोण आहे' म्हणून ओरडत बसू नकोस. माझ्याशिवाय येतंय कोण तुझ्याकडे?"