गोटा, झांजा आणि कातळावरचा देव

एका जंगलात, बाळांनो, एक अजगर देव होता. हसायला काय झालं? तिथल्या प्राण्यांना तो चालत होता, मग तुम्हाला का टोचतो?

त्याचं नाव भारोबा. तो एका उंच कातळावर वेटोळं घालून बसायचा. कातळावर बसेल तो देव, असा त्या जंगलाचा रिवाज. आणि कातळ मिळवायची रीतही एकच. वर बसलेल्या बापाला दरीत ढकलायचं. भारोबानं तेच केलं होतं. त्याचा बाप पोरांना बिळात कोंडायचा, ऊनसुद्धा बघू द्यायचा नाही, म्हणून. पडता पडता म्हातारा ओरडला, "तुझं पोरगंही तुला असंच ढकलेल रे!"

भारोबानं धसका घेतला. बायको धरणाईनं अंडं घातलं, की तो ते गिळायचा. वर ढेकर द्यायचा.

"अहो, आपलं लेकरू आहे ते!" धरणाई रडायची.

"लेकरू कसलं? वारस आहे तो," भारोबा म्हणायचा.

जंगल काय म्हणायचं? काही नाही. उलट बगळेशास्त्री नावाचे एक विद्वान एका पायावर उभे राहून सांगायचे, "नदीपारच्या जंगलात तर देवानं बापाला चावून खाल्लं. तौलनिक अभ्यास केला, तर आपला देव फारच सौम्य आहे." प्राणी माना डोलवायचे. तौलनिक अभ्यास म्हणजे काय, ते एकालाही ठाऊक नव्हतं. पण ऐकून बरं वाटायचं. मूर्ख लेकाचे!

धरणाईला मात्र बरं वाटेना. पुढचं अंडं तिनं पाल्यात दडवलं आणि ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा नवऱ्यापुढे ठेवला. भारोबानं बघितलंसुद्धा नाही. गटकन गिळून टाकला. ज्याला पोटचं पोर आणि दगड यातला फरक कळत नाही, त्याच्यापुढे हे जंगल रोज लोटांगण घालायचं.

अंडं गेलं डोंगरातल्या गुहेत. पिल्लू बाहेर आलं आणि फुत्कारायला लागलं. बापानं ऐकलं असतं तर संपलंच. धरणाई माकडांच्या पाया पडली.

"बाबांनो, माझ्या लेकराचा आवाज बाहेर जाऊ देऊ नका."

माकडांना दया आली. कुठल्याशा जत्रेतून पळवलेल्या झांजा त्यांच्याकडे होत्याच. त्या बडवत ती गुहेपुढे नाचू लागली.

"कसला रे उत्सव?" भारोबा कातळावरून विचारी.

"तुमचाच, देवा!" माकडं म्हणत. देव खूश.

पिल्लाचं नाव तेजोबा. ते वाढलं, दांडगं झालं. एका सकाळी तेजोबा कातळावर चढला आणि बापाला असा विळखा घातला, की पोटातला गोटा टण्णकन बाहेर पडला. आधीची भावंडं? ती केव्हाच पचली होती. मग बाप दरीत. पडता पडता तोही तेच ओरडला. या घराण्यात नवीन वाक्य म्हणून कुणाला सुचत नसे.

जंगलात आनंदीआनंद! प्राण्यांनी गोट्याला शेंदूर फासला. तेजोबानं त्या गोट्यावर शपथ घेतली, "माझ्या राज्यात अंड्याला कुणी तोंड लावणार नाही." धरणाई पोटभर रडली. आपलं सार्थक झालं, असं तिला वाटलं.

पुढे तेजोबाचं लग्न सुमती नावाच्या अजगरिणीशी झालं. मोठी शहाणी. अडल्यानडल्याला सगळं जंगल तिलाच विचारायचं. तिला दिवस गेले आणि तेजोबाची झोप उडाली. तो आईकडे गेला.

"आई, तू बाबांना फसवलंस कसं गं? सगळं नीट सांग ना."

लेकाला आपलं कौतुक वाटतंय, असं वाटून म्हातारी फुलली. पाला, गोटा, गुहा, माकडं, सगळं तिनं सांगितलं. भाबडी बाई!

तेजोबा मनात म्हणाला, "अस्सं! बाबांनी अंडी गिळली आणि आईला मोकळं सोडलं. इथंच चुकलं त्यांचं."

तो कातळावर परतला. "सुमती, जरा जवळ ये गं," म्हणाला. ती आली. त्यानं तिलाच गिळलं. अंड्यासकट.

सुमतीची किंकाळी खालपर्यंत आली. धरणाई धावत सुटली. "अरे, माझी सून! माझं नातवंड! कुणीतरी या रे!"

कोण येणार? बगळेशास्त्र्यांनी पाय बदलला. "शपथ मोडलेली नाही. अंडं घातलंच कुठे होतं?" म्हणाले. कातळावर तेजोबानं ढेकर दिला आणि सांगितलं, "सुमती आता आतूनच सल्ला देईल मला." प्राण्यांचे डोळे भरून आले. बायकोला एवढं जवळ ठेवणारा देव त्यांनी पाहिला नव्हता.

तेवढ्यात झांजा सुरू झाल्या. म्हातारी माकडांपुढे आडवी पडली.

"थांबा रे, मेल्यांनो! ती आतून हाका मारतेय. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतंय ना, आजी," माकडांचा म्होरक्या म्हणाला. "म्हणून तर वाजवतोय. तूच तर शिकवलंस."

तात्पर्य: बाळांनो, बापाच्या चुकांवरून मुलांनी जरूर शिकावं. बापाकडून जे अर्धवट राहतं, ते मग मुलाच्या हातून पुरं होतं. आणि शिकणं जमत नसेल, तर निदान झांजा वाजवायला घ्या. देव कुठलाही असो, त्याला त्या लागतातच.