राजकन्येस कोठे निजवावे, याविषयी जाहलेली हकीकत

श्री. जी जगदंबा अवघी चराचर लेकरे आपुले ओटीत निजवून आपण जागी राहते, तिचे चरणी मस्तक ठेवून ही हकीकत लिहिली जाते. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, थंडीचे दिवस. डोंगरी मुलखात एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान, किल्ला एक, वारा बहुत. तेथे हैबतराजे राज्य करीत होते. त्यांच्या राणी आवडाबाईसाहेब यांस वद्य पंचमीस सूर्य उगवावयाचे सुमारास कन्या जाहली. राजे सदरेवर येरझारा घालीत होते, ते सुखरूप सुटका जाहल्याचे वर्तमान ऐकोन मटकन खाली बसले, आणि मग उठोन साखर वाटावी ऐशी आज्ञा केली, आणि कारभारी त्रिंबकपंत यांनी तोफा कराव्या काय म्हणोन पुसले, तेव्हा राजे बोलले की लेकरू दचकेल, तोफा राहू द्या.

राजियांच्या आत्या तुळजाबाईसाहेब या अंतःपुराच्या धनीण. विसावे वर्षी वैधव्य येऊन माहेरी परतल्या, आणि राजियांच्या मातोश्री लवकर निवर्तल्या सबब राजियांस यांनीच लहानाचे थोर केले, आणि तीस वर्षे वाड्याच्या किल्ल्या यांचेच कमरेस. बोलणे थोडके, परंतु बोलल्या म्हणजे ते जाहलेच. कन्या जाहली हे ऐकोन त्यांनी प्रथम हात जोडले, आणि मग बाळंतिणीच्या खोलीत जाऊन मुलीचे तळवे पाहिले, कान पाहिले, आणि बाहेर येऊन ओसरीवरल्या खांबास टेकून अंमळ उभ्या राहिल्या. दासींस वाटले, वयोमानाने दमल्या. खरे कारण निराळे होते, ते त्यांस एकट्यांस ठाऊक.

या घराण्याचा शिरस्ता ऐसा की, गादीचे अपत्य, पुत्र असो वा कन्या, बाराव्या दिवशी बारसे होऊन आईपासून उचलावे आणि पाळणेमहाली न्यावे. पाळणेमहाल म्हणजे वाड्याच्या मध्यभागी दगडी खोली. तीस दोन खिडक्या, त्या लोकर ठासून बंद केलेल्या, चार कोपऱ्यांस चार शेगड्या, आणि मध्ये शिसवी पाळणा चांदीच्या साखळ्यांनी टांगलेला, त्यात सात गाद्या एकीवर एक, वरती मखमल. मुलाजवळ दाई असावी, आणि आईने पाजावयापुरते यावे व परत जावे. राजे तेथेच वाढले, त्यांचे वडील तेथेच वाढले. परंतु चार वर्षांमागे आवडाबाईसाहेबांस प्रथम पुत्र जाहला होता, तोही तेथेच निजविला, आणि चोविसावे दिवशी भर दुपारी दाई गंगू जेवावयास गेली होती ती परत येऊन पाहते तो मूल गार. वैद्य बोलले, दृष्ट लागली. ज्योतिषी बोलले, ग्रह वाईट होते. आणि कारभाऱ्यांनी ठरविले की दाईने हयगय केली, सबब तिला किल्ल्याखाली घालवून द्यावी. गंगू रडत रडत भावाच्या गावी गेली. पाळणेमहालास कुलूप पडले, आणि त्या गोष्टीचा उच्चार पुन्हा कोणी केला नाही.

आता कन्येचा दहावा दिवस उजाडला, तेव्हा आवडाबाईसाहेबांनी राजियांस बोलावून स्वच्छ सांगितले की मूल मी पाळणेमहाली देणार नाही. राजे बायकोवर प्रीती करणारे आणि आत्यास भिणारे, ऐसे दोहींकडून अडकले, आणि मग जे राजे लोक अडचणीत करतात ते त्यांनीही केले, म्हणजे सभा भरविली. किल्ल्याचे हवालदार बोलले की मूल उत्तर बुरुजाच्या खोलीत निजवावे, भोवती आठ पहारेकरी ठेवू, मुंगी शिरणार नाही. त्यावर त्रिंबकपंत बोलले की त्या आठांपैकी पाचांस खोकला आहे. ज्योतिषी बोलले की जागा कोणतीही असो, मस्तक पूर्वेस असावे, आणि पूर्वेस तर भिंत ओली. पंतांचे स्वतःचे मत देवघराशेजारच्या खोलीचे पडले, परंतु तेथे पहाटे घंटा वाजते आणि धूप जळतो, हे त्यांनाच मागाहून आठवले. ऐसे दोन प्रहरपर्यंत चालले, आणि शेवटी सर्वांनी चिकाच्या पडद्याकडे पाहिले, कारण पडद्याआड आत्यासाहेब बसल्या होत्या. आत्यासाहेब इतकेच बोलल्या की शिरस्ता आहे तो आहे, पाळणेमहाल झाडून घ्या. सभा उठली. राजियांनी मान खाली घातली, आणि आवडाबाईसाहेबांस हे कळले तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

आत्यासाहेबांनी ऐसे का सांगितले, ते लिहिणे अगत्य आहे. दुसरी जागा नेमावी, तर पाळणेमहालात दोष होता ऐसे म्हणावे लागते. आणि तेथे दोष होता म्हणावे, तर मग पुत्र गेला त्या दिवसाची गोष्ट काढावी लागते. ती गोष्ट काढण्याची त्यांची छाती नव्हती.

दुसरे दिवशी सकाळी आत्यासाहेब स्वतः पाळणेमहाल पाहावयास गेल्या. कुलूप निघाले होते, जाळी जळमटे झाडली होती, शेगड्या फुलल्या होत्या, खिडक्यांस नवी लोकर ठासली होती, आणि दासींनी सात गाद्या उन्हे दाखवून पाळण्यात घातल्या होत्या. आत्यासाहेबांनी दासींस बाहेर घालविले. मग पाळण्याशी उभ्या राहोन मखमलीवर हात ठेवला, तो मनगटापर्यंत आत गेला. मग काय मनात आले न कळे, त्यांनी वाकून आपले तोंडच गादीत टेकविले. कापूस गालांभोवती वर आला, नाकाशी आला, आणि श्वास घ्यावा तो येईना. थोर बाई, मानेत बळ, म्हणोन डोके उचलते जाहले. त्या तशाच मागे सरल्या आणि उंबऱ्यावर बसल्या, आणि धुराने म्हणा की कशाने म्हणा, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. जेवणाची वेळ जाहली तरी उठल्या नाहीत. दासी दोनदा येऊन दुरूनच परत गेल्या.

मग दुपार कलली तेव्हा आत्यासाहेब उठल्या, आणि दासी बरोबर न घेता एकट्या बाळंतिणीच्या खोलीत गेल्या. तेथे ठकूबाई सुईण मुलीस तेल लावून दुपट्यात गुंडाळीत होती, ती उठोन जाऊ लागली, तीस आत्यासाहेब म्हणाल्या की बस, तूही ऐक. आणि स्वतः आवडाबाईसाहेबांच्या बाजेशी जमिनीवर बसल्या. तीस वर्षांत त्यांस कोणी जमिनीवर बसलेले पाहिले नव्हते.

"सूनबाई, त्या दिवशी गंगू जेवावयास गेली ती माझ्या सांगण्यावरून गेली," त्या बोलल्या. "मी म्हटले, तू जा, मी पाहते. मला थंडी वाजत होती. मला वाजते तर त्यालाही वाजत असेल ऐसे वाटले, म्हणून मी त्याच्या अंगावर दुसरी रजई घातली, पार गळ्यापर्यंत, आणि वारा येतो म्हणून दारही ओढून घेतले. मग कोणी बोलावले, म्हणून बाहेर ओसरीवर गेले. पुढले तुम्हास ठाऊक आहे. दृष्ट नाही, ग्रह नाही आणि गंगूही नाही. मी चार वर्षे गप्प बसले."

मुलीने दुपट्यातून एक हात बाहेर काढला, तो ठकूबाईने पुन्हा आत घातला. आत्यासाहेबांनी मनाची तयारी केली होती की आवडाबाईसाहेब रागे भरतील, आक्रोश करतील, राजियांस हाक मारतील. त्यांनी त्यातले काही केले नाही. त्यांनी हळूच एकच पुसले.

"तो रडला होता का, आत्यासाहेब?"

"नाही बाई. मी दाराबाहेरच्या ओसरीवरच होते, रडता तर ऐकू आले असते. झोपेतच गेला. कपाळाला आठीसुद्धा नव्हती."

हे ऐकताच आवडाबाईसाहेबांनी डोळे मिटले आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. चार वर्षे त्यांस ऐसे वाटत होते की मूल रडले, आईसाठी रडले, आणि तीन दालने पलीकडे आपल्यास ऐकू आले नाही. दर दुपारी त्यांस ते न ऐकलेले रडणे ऐकू येई. ते ओझे त्या घटकेस उतरले, आणि त्या बहुत रडल्या, आणि ठकूबाईने पाठीवरून हात फिरविला. आत्यासाहेब हात जोडून तशाच बसल्या होत्या. मग आवडाबाईसाहेब पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मी आज तुम्हास क्षमा केली ऐसे म्हणत नाही. ते मला जमेल तेव्हा जमेल. पण तुम्ही सांगितले नसते तर मी मुलीस घेऊन माहेरी निघाले असते, बोचके बांधून ठेवले आहे." आणि बाजेखालचे बोचके दाखविले. आत्यासाहेबांनी ते स्वतः ओढून सोडले, आणि आतली लुगडी एकेक करून खुंटीवर टाकली.

मग राजियांस बोलावून त्यांसही सारे सांगितले. राजे ऐकोन पांढरे पडले आणि तटावर फिरावयास गेले, आणि दिवेलागणीचे आधी परत येऊन आत्यासाहेबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले की मला तुम्ही वाढविले, मी आणखी काय बोलू. आता मुलीचे पाहा. तेव्हा आत्यासाहेबांनी ज्योतिषी किंवा हवालदार यांपैकी कोणास न विचारता ठकूबाईस विचारले की तुमच्याकडे मूल कोठे निजवितात.

ठकूबाई म्हणाली, "आमच्याकडं जागा कुठली, बाईसाहेब. आईच्या बाजेला लागून काथवट ठेवतो. तिच्यात एक धडपं घट्ट अंथरायचं, मूल उताणं ठेवायचं, उशी नाही, तोंडाजवळ काही नाही. आईनं हात खाली सोडला की पोटाला लागला पाहिजे. एवढंच. माझ्या हातची चारशे पोरं अशीच निजली."

मग मुदपाकखान्यातून कणीक मळावयाची थोरली लाकडी काथवट मागविली. आचारी नाराज जाहले की बारशाची कणीक आता कशात मळावी, त्यांस सांगितले की परातीत मळा. काथवट घासून, उन्हात वाळवून आणिली. आवडाबाईसाहेबांचे स्वतःचे निजावयाचे दालन नेमिले, आणि आत्यासाहेबांनी तेथे दिवा घेऊन भिंती-भिंतीशी धरून पाहिला. जेथे ज्योत हलली तेथे बाज ठेवू दिली नाही, परंतु वरली झडप उघडीच ठेविली, आणि शेगडी दाराबाहेर काढविली. बारसे जाहले. मानाकरिता मुलीस घटकाभर शिसवी पाळण्यात घातले, बायकांनी गाणी म्हटली, चिमणाबाई ऐसे नाव ठेविले, आणि नाव कानात पडताच आत्यासाहेबांनी तिला उचलून काथवटीत आणून ठेविले. मुलीने एक जांभई दिली आणि निजली. राजे जोडे हातात घेऊन दाराशी उभे राहून पाहत होते.

गंगूस आणावयास पालखी पाठविली. ती आली, तेव्हा आत्यासाहेब आसन सोडून उठल्या आणि सर्व दासींसमक्ष म्हणाल्या की दोष माझा होता, तुझा नव्हता. नोकरी पुन्हा देतो म्हटले, ती नको म्हणाली. वस्त्रे देऊ केली, तीही घेतली नाहीत. "मला एवढंच करून द्या," ती म्हणाली, "माझ्या भावाच्या गावात दवंडी पिटा की गंगूनं मूल मारलं नाही. पाणवठ्यावर बाया माझ्यापासून घागर दूर ठेवतात." राजियांनी त्याच दिवशी त्या गावी आणि भोवतालच्या अकरा गावी दवंडी पिटविली. गंगू जाण्याआधी काथवटीशी वाकली, मुलीचा अंगठा आपल्या बोटाने हलविला, आणि म्हणाली की ही पावलं हिच्या गेलेल्या भावासारखीच, दादासाहेबांसारखीच हायेत. आवडाबाईसाहेबांनी तिला जवळ बसवून घेतले, आणि दोघी त्या पहिल्या मुलाविषयी बोलत बसल्या, जे चार वर्षांत त्यांस कोणापाशी बोलता आले नव्हते.

मग चोविसावा दिवस आला. त्या दिवशी वाड्यात मोठ्याने कोणी बोलले नाही, नौबत वाजली नाही, हवालदारांनी घोड्यांसही तळावर नेले. आत्यासाहेब सकाळपासून काथवटीशेजारी बसल्या होत्या, आणि दुपार जाहली, आणि मूल निजले होते, आणि छातीवरले धडपे हलत होते, वर आणि खाली, वर आणि खाली, आणि त्या तेवढेच पाहत होत्या. अंमळशाने मुलगी शिंकली, आणि हातपाय झाडून भुकेने टाहो फोडला. बाहेर ओसरीवर कारभारी, ज्योतिषी, आचारी ऐसे सारे काही ना काही निमित्ताने जमले होतेच, त्यांनी तो आवाज ऐकोन एकमेकांकडे पाहिले आणि हसावयास लागले, आणि पंतांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. आवडाबाईसाहेबांनी मुलीस पदराआड घेतले आणि आत्यासाहेबांस म्हणाल्या, "आता तुम्ही जरा पडा. मी आहे ना हिच्यापाशी."

आत्यासाहेब तेथेच चटईवर, उशाशी हात घेऊन आडव्या जाहल्या, आणि त्यांस तत्काळ झोप लागली.

सारांश, लेकरू आईच्या हाताशी निजले आणि पुढे थोर जाहले. पाळणेमहालाच्या खिडक्यांची लोकर काढली, तेथे उजेड वारा बहुत येऊ लागला, म्हणोन बायका तेथे कुरड्या वाळत घालू लागल्या. राज्यात त्या साली लढाई जाहली नाही, त्यामुळे लिहिणारांनी ते साल रिकामे सोडले आहे. घडले ते इतके, आणि ते येथे संपले. श्रीकृपा असो.