उंडोचा कौल

बाबली कुठल्याही वस्तूला आधी विचारतो. देवळात मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात आणि उजवी आधी पडली की होकार मानतात, तसा तो घरच्या गॅस सिलिंडरलाही कौल लावतो. खाणीवर टिप्पर चालवायचा तेव्हा बोनेटला लावायचा. डावी पडली की त्या दिवशी गाडी उभी. मुकादम शिव्या घालायचा. "इचारल्याशिवाय हात लावूचो नाय," एवढंच बाबली म्हणायचा.

धारगळला आमची कुंपणं लागून आहेत. मी त्याला वर्षानुवर्षं हसत आलो.

आमचा कुत्रा गोव्यातल्या उंडो पावासारखा गोल आणि तपकिरी, म्हणून माझ्या बायकोने, सुलभाने, त्याचं नाव उंडो ठेवलं. त्याची नखं तीच कापायची. दुसऱ्या कुणाला तो पंजाला हात लावू देत नसे. ती गेली आणि नखं वाढत राहिली. फरशीवर खटखट वाजू लागली, मग उंडो लंगडू लागला. एकदा मी त्याला टॉवेलात गुंडाळून जबरदस्तीने एक नख कापलं. खोल लागलं, रक्त आलं. दोन दिवस तो सुलभाच्या पलंगाखालून बाहेर आला नाही.

हे कळताच बाबली आला. "मास्तरानू, हय पण शाळाच काढलात? त्याका इचारलात?"

त्याने उंडोच्या कपाळाला दोन पाकळ्या लावल्या. उंडोने डोकं झाडलं, दोन्ही उडाल्या. "अंगात इला ह्याच्या!" म्हणत बाबलीने हात जोडले. मग नवा नियम ठरला: उजवा पंजा आपणहून दिला तर होकार.

चार दिवस नेलकटर नुसतं जमिनीवर, शेजारी पावाचा तुकडा. मग नेलकटरने केरसुणीचा हीर कट्‌कन तोडायचा आणि तुकडा द्यायचा, आवाजाची भीती जाईपर्यंत. पंजा मागे गेला की बाबली काम उद्यावर टाकून उठलाच. "आज कौल नाय. फाल्यां येतंय."

तिसऱ्या आठवड्यात पंजा हातात आला. एका दिवशी एकच नख, तेही फक्त टोक. अठरांपैकी सतरा झाली. उंडो अंगणात धावू लागला, आणि मी पुन्हा दोन कप चहा टाकू लागलो. हे बाबलीचेच उपकार. पण तसं बोलून दाखवलं नव्हतं.

शेवटच्या नखाच्या दिवशी उंडो उजवा पंजा बाबलीच्या मांडीवर टाकून झोपलाच. बाबलीने तो बराच वेळ धरून ठेवला. कुंपणापलीकडे त्याच्या दाराला कुलूप होतं. आत वाट बघणारं कुणी नव्हतं. त्याने पंजा हळूच खाली ठेवला.

"आज कौल नाय," माझ्याकडे न बघता तो म्हणाला.

जन्मात त्याने कौल खोटा सांगितला नव्हता.

"बरां," मी म्हणालो. "फाल्यां ये, बाबली. चाय ठेवतंय."