भिकन नानांचे दोन कप

आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. ती ज्यांच्यामुळे मिळाली, त्या भिकन नानांचा माझ्यावर कधीच विश्वास नव्हता. गैरसमज नको, त्यांचा कुणावरच नव्हता. धुळ्याला देवपुरात त्यांच्या घरी आम्ही माझ्या कॉलेजसाठी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा वडील म्हणाले, "नाना, पोरगं हुशार आहे."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुरावा काय शे?"

वडिलांकडे पाचोऱ्याहून आणलेली केळीची फणी होती, पुरावा नव्हता. नानांनी केळी दाबून, हुंगून ठेवून घेतली. मग म्हणाले, "राहू दे. बघू."

नाना केमिस्ट. दुकानातले नव्हे, औषधं शोधणारे. कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभ्या आयुष्यात कितीतरी नवी रसायनं बनवली आणि जवळजवळ सगळी स्वतःच्याच संशयाने मारली. दम्याचं एक औषध तेवढं त्यांच्या तावडीतून सुटून बाजारात पोचलं. निवृत्तीनंतर ते मेडिकलवर जाऊन त्याच गोळीची चौकशी करत.

"चालते का ही?"

"रोज जाते, नाना."

"जाते हे कळलं. चालते का?"

मला ते ओट्यावर बसवून रसायनशास्त्र शिकवत. उत्तर बरोबर आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "पहिल्यांदाच बरोबर? मग काहीतरी चुकलंय. पुन्हा कर." त्या 'पुन्हा कर'वर मी एम.एस्सी. झालो. जळगावला नोकरी लागल्यावर एकदा फोनवर मी सहज बोलून गेलो, "थोडी कणकण होती, आता बरा आहे." दुसऱ्या दिवशी नाना एसटीने दारात हजर. पिशवीत दोन थर्मामीटर. एकावर त्यांचा विश्वास नव्हता. जाताना दोन्ही माझ्याकडेच ठेवून गेले.

औषध गुण देतं की नुसता मनाचा खेळ आहे, हे ओळखायची त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. काही रोग्यांना खरी गोळी द्यायची, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, आणि कुणाला कोणती ते घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही. ही रीत नानांनी स्वयंपाकघरात आणली. त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणत की चहात ठेचलेलं आलं किसलेल्यापेक्षा चांगलं लागतं. नानांना ते मान्य नव्हतं. म्हणून रोज सकाळी दोन अर्धे कप. नाना भिंतीकडे तोंड करून उभे. अक्का कप इकडचे तिकडे करणार, मग नाना चाखून ओळखणार.

"बठ्ठा जगवर संशय," अक्का पदराने हसू दाबत म्हणत, "आते मन्हा आलावर बी!"

दोन कप पाहून गल्लीलाही संशय आला. नाना बायकोवर औषधं वापरून बघतात, अशी बोलवा उठली. शेजारच्या सुमनताई तर नानांकडचं पाणीही पीत नसत. "नको बाई, उपास आहे," म्हणायच्या. त्यांना आठवडाभर उपास असे. हळूहळू त्या घरी चहाला कुणी येईनासं झालं. नानांना त्याचं काही वाटत नसे. कप बदलायला अक्का होत्या.

अक्का गेल्या. मी फोन केला की नाना म्हणत, "मजेत आहे." मला ते खरं वाटेना, म्हणून न कळवता देवपूरला गेलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकच कप पालथा होता. त्यांनी मला दिलेल्या चहात आलंच नव्हतं.

"नाना, प्रयोग?"

"बंद केला."

"निकाल लागला?"

"नाही." ते भिंतीकडे बघत राहिले. "मी तोंड फिरवून उभा राहतो रे. पण कप बदलणार कोण?"

मी म्हटलं, "जळगावला चला माझ्याकडे." लगेच आठी पडली. "मला इथे करमतं. तुझ्या शर्टाचं बटण का तुटलंय? जेवतोस ना नीट?"

त्यांच्या तोंडावर त्यांचाच प्रश्न विचारायची माझी हिंमत झाली नाही. जळगावला परतल्यावर पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप नानांस, साष्टांग नमस्कार.

तुम्हाला एकट्याला करमतं, असं तुम्ही म्हणालात. पुरावा काय शे? तुम्ही हे फार चटकन सांगितलंत. काहीतरी चुकलंय. पुन्हा तपासावं लागेल.

रविवारी पहिल्या गाडीने येतो. पुढच्या रविवारीही येईन, एका वेळच्या निकालावर माझा विश्वास नाही. दोन्ही थर्मामीटर आणतो, आलंही आणतो. अक्कांचा खलबत्ता तेवढा धुऊन ठेवा.

तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहा. कप मी बदलतो."