अंतर किती सेकंद

माझी दुर्वा जन्मापासून गिटारसारखी रडते. साधी गिटार नव्हे, विजेवरची. आमच्या उपकेंद्रात असं हे तिसरं मूल, त्यामुळे लसीच्या कार्डावर तसा रकाना आहे: आवाजाचा प्रकार.

मला हे प्रकार आधीच माहीत होते हे नशीब. तिचे बाबा गौरेश जहाजावरच्या बँडमध्ये गिटार वाजवतात. मी पोटुशी असताना ते पलंगाखालून गिटारचा आवाज बदलणारी पेडलं काढून ओळीने मांडायचे आणि पायाने एकेक दाबून मला ऐकवायचे. माझी शाळा सातवीपर्यंत, इंग्रजी अक्षरं लावता लावता आवाज निघून जायचा. म्हणून त्यांनी प्रत्येक पेडलावर पांढरी पट्टी चिकटवून मराठीत नावं लिहून ठेवली.

ते जहाजावर गेले आणि त्याचा उपयोग झाला. भूक लागली की दुर्वा डिस्टॉर्शनमध्ये रडते. गिरणीत खडा आल्यासारखा आवाज कडांनी फाटतो. झोप आली की रिव्हर्ब, रिकाम्या विहिरीत तोंड घालून रडल्यासारखा. दुपटं ओलं झालं की वा-वा, आवाज उघडतो आणि मिटतो. चार बायकांनी ओढून घेतलं की कोरस, एका गळ्यातून तीन पोरी. पाजलं, थोपटलं, दुपटं बदललं की हे सगळे थांबतात.

पाचवा थांबत नसे. ती एकदाच "आं" करायची आणि गप्प व्हायची. मग बऱ्याच वेळाने, तोंड मिटलेलं असताना, तोच आवाज परत यायचा. मग पुन्हा, दर वेळी थोडा मंद. पोट भरलेलं, दुपटं कोरडं. मी ताप बघायची, कान बघायची, मुंगी चावली का बघायची.

"अगो, ह्यां पॉर बापाशीक साद घालता," सासूबाई म्हणाल्या. "तुका कळत नाय?"

उपकेंद्रातल्या परुळेकर सिस्टरांनी कार्डावर 'इको' लिहिलं.

"इको नाही सिस्टर, डिले."

"एकच ते."

"नाही हो. आमच्याकडे पेडल आहे. त्याच्या बटणावर ह्यांनी लिहिलंय, अंतर."

सिस्टरांनी खोडून डिले लिहिलं, घड्याळ लावलं आणि पुढे लिहिलं: अंतर, एकवीस सेकंद.

मग दर बुधवारी मोजायचं ठरलं. घरी मी रोजच मोजायची. आवाज परत आला की वाटायचं, कुठेतरी टेकून आला.

एका बुधवारी एकतीस भरले. मी उपकेंद्राच्या ओट्यावरूनच फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"पार खाली, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला. का गं?"

"एकतीस झालेत."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "उद्या वळतोय आम्ही."

"तिचा आवाज येतो का तुम्हाला तिथे?"

"वाजवताना मधेच बारीक येतो. बँडवाले म्हणतात, गौरेश, तुझी तार सैल झालीय."

पुढच्या बुधवारी सव्वीस आले.

नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अशा बाळाचा आवाज साफ करतात. कानामागे दाबतात, दुखत नाही. सगळे प्रकार जातात आणि मूल चारचौघांसारखं रडतं. मी म्हटलं, एवढ्यात नको.

"अर्ज द्या," सिस्टर म्हणाल्या. "कारण?"

"वडील वाटेत आहेत."

"किती लांब?"

"नऊ सेकंद."

सिस्टरांनी कार्डावरचे मागचे आकडे बघितले, बोटांवर हिशेब केला. "पंधरा दिवसांत पोचायला हवेत. तुमच्या नवऱ्यापेक्षा एसटी बरी बाई, तिचं अंतर किलोमीटरमध्ये तरी असतं." त्यांनी सही केली आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही जेवताय ना वेळेवर?"

मी हो म्हटलं.

पंधरा दिवस व्हायला दोन दिवस होते. मी अंगणात कोकमं वाळत घालत होते. दुर्वा चटईवर बसली होती. तिने "आं" केलं. मी हातातलं कोकम तसंच धरून मोजायला लागले, तर 'एक' म्हणायच्या आत फाटकाची कडी वाजली.

आवाज परत आला नाही. फाटकात हे उभे होते, खांद्याला गिटार, हातात बॅग.

त्यांनी तिला उचललं. तिने पुन्हा "आं" केलं आणि ते तिथेच तुटलं.

"कोरडा आवाज आहे," ते म्हणाले. "पेडल न लावता तार छेडावी तसा. हा मी ऐकलाच नव्हता." आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत राहिले.

बुधवारी आम्ही तिघं उपकेंद्रात गेलो. सिस्टरांनी घड्याळ लावलं, वाट बघितली आणि लिहिलं: अंतर, शून्य.

"चला, आता साफ करून टाकू. बाबाही आलेत."

हे माझ्याकडे बघायला लागले. त्यांची सुट्टी किती दिवसांची, ते आम्ही दोघांनी अजून बोलून दाखवलं नव्हतं.

"राहू द्या सिस्टर," मी म्हटलं. "पावसाळा संपला की पुन्हा मोजायला लागेल."

सिस्टरांनी पुढच्या बुधवारांसाठी कार्डाला एक कोरं पान टाचून दिलं.