पाय न टेकणारी मोटारसायकल

नव्या मोटारसायकलवर बसलं की संग्रामसिंहांचे पाय जमिनीला टेकत नाहीत, ही गोष्ट त्यांना शोरूममध्ये नाही, शोरूमपासून चारशे मीटरवरच्या पहिल्या सिग्नलला कळली. शोरूममध्ये गाडी स्टँडवर होती, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या होत्या आणि त्या फळ्यांवर पाय ठेवून त्यांनी हँडल धरून पाहिलं होतं. उंचीचं त्यांनी आडून विचारलंही होतं. विकणारा म्हणाला होता, “सर, हाइट का टेन्शन मत लीजिए, चलाते-चलाते आदत हो जाएगी.” चालवताना खरोखरच काही त्रास नव्हता. त्रास थांबताना होता.

याआधी बारा वर्षं ते क्रूझर चालवत होते. लांब, बुटकी, आरामखुर्चीसारखी गाडी. पाठ मागे, हात वर, पाय पुढे ताणलेले. ग्वाल्हेरात इंदरगंजच्या विमा कचेरीतून नया बाजारातल्या घरी ते रोज असे लोळत येत. पण गेल्या हिवाळ्यात तीवरून इंदूरला जाऊन आले आणि चार दिवस पालथे झोपले, कारण पाचशे किलोमीटर सगळं वजन माकडहाडावर. आता तर त्यांच्या मुलीचं, अवंतिकाचं, लग्न इंदूरलाच ठरायच्या बेतात होतं. वर्षाला चार खेपा तरी होणार. म्हणून त्यांनी क्रूझर कचेरीतल्या दिग्विजयसिंहाला दिली आणि स्पोर्ट टूरर घेतली. लांब पल्ल्याची, वेगाची गाडी. तिच्यावर माणूस पुढे वाकून बसतो, पावलं अंगाखाली घेतो आणि पाठीची तक्रार मिटते. सीट मात्र अर्धा फूट उंच. संग्रामसिंह कागदोपत्री पाच फूट चार इंच होते.

आठवड्याभरात त्यांनी तोड काढली. डाव्या हाताला काही उंच असेल तिथेच थांबायचं. कचेरीची पायरी, घराचा ओटा, वाटेतल्या दोन फुटपाथांच्या कडा. सिग्नल लाल दिसला की ते लांबूनच गोगलगाईसारखे यायला लागत. घरी मात्र कोणाला काही बोलले नाहीत. पाय पोचत नाहीत, हे पन्नाशीच्या माणसाने कोणत्या तोंडाने सांगायचं?

या घराण्यात एक रीत आहे. वडीलधारं माणूस रस्त्यात दिसलं की वाहनावरून तसंच पुढे जायचं नाही. उतरायचं, पाया पडायचं, मग जायचं. पूर्वी घोड्यावरून उतरत, पुढे सायकलवरून. आणि संग्रामसिंहांचे चुलते मानसिंगराव, सगळ्यांचे आबासाहेब, वय ब्याऐंशी, पलटणीतून निवृत्त, हे रोज संध्याकाळी पाच ते सात पाटणकर बाजारात एका कापडदुकानासमोर खुर्ची टाकून बसत. संग्रामसिंहांचा घरी जायचा रस्ता तोच. नवी गाडी आल्यापासून ते मागच्या गल्लीने जात होते. गुरुवारी ती गल्ली पाण्याच्या नळासाठी खोदली गेली.

आबासाहेबांना दुखवायला याहून वाईट आठवडा सापडला नसता. अवंतिका आणि इंदूरच्या यशोधनने आपापसात ठरवलेलंच होतं. पण यशोधनचे आजोबा कान्होजीराव हे आबासाहेबांचे पलटणीतले दोस्त, आणि त्यांनी निरोप धाडला होता की मानसिंगने समोर बसून शब्द टाकला तर हो, नाहीतर राहू द्या. त्यासाठी रविवारी ते ग्वाल्हेरला येणार होते.

गुरुवारी पाच वाजून बत्तीस मिनिटांनी संग्रामसिंह पाटणकर बाजारात शिरले. आबासाहेब खुर्चीत होते. दुकानाला चांगली वीतभर उंच पायरी होती, पण तिला लागून कोणाची तरी स्कूटर उभी होती. डावा हात क्लचवर, उजवा ब्रेकवर, नमस्काराला हात रिकामा नाही. संग्रामसिंह पुढे गेले. चौकाला वळसा घालून येईतो स्कूटर हलेल, असा त्यांचा हिशेब. वळसा घालून आले तर स्कूटर होतीच, शेजारी केळ्यांची गाडीही लागली होती. ते पुन्हा पुढे गेले. तिसऱ्या फेरीला स्कूटर गेली होती आणि तिच्या जागी एक गाय उभी होती. आबासाहेबांनी तिन्ही वेळा मान वळवून त्यांना जाताना पाहिलं.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कापडदुकानाच्या वर राहणाऱ्या चुलत भावजय, लीलावहिनी, गच्चीत उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे फोन होता.

“एकदा गेला असतात तर मी म्हटलं असतं, दिसले नाहीत,” संग्रामसिंहांची बायको विनिता म्हणाली. “तीनदा म्हणजे तुम्ही दाखवून आलात.”

“काय दाखवून?”

“नवी गाडी. लीलावहिनी म्हणतात, आबासाहेब नुसते बघत राहिले. एक शब्द नाही बोलले.”

मग संग्रामसिंहांनी दार लोटून घेऊन तिला खरं काय ते सांगितलं. विनिता आधी गंभीर राहिली, मग तिने पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. अवंतिका दाराबाहेरच होती. ती आत येऊन म्हणाली, “बाबा, फोन करून सॉरी बोला ना. इतनी सी बात है.” पण आबासाहेबांची माफी फोनवर मागत नसतात, हे तिलाही ठाऊक होतं. चालत जावं तर अर्थ निघणार की काल एवढा तोरा आणि आज गाडी लपवली. विनिताने शेवटी तोडगा काढला. जुन्या गाडीवर जायचं, रोजच्या वेळी, रोजच्यासारखं. समोर थांबायचं, उतरायचं, पाया पडायचं. बारा वर्षांत जे बिघडलं नाही ते उद्या कसं बिघडेल?

दिग्विजयसिंह सहा फुटी. एका दिवसासाठी क्रूझर परत द्यायला तो तयार झाला, पण बदल्यात स्पोर्ट टूरर मागून घेतली. तिच्यावर बसून त्याने दोन्ही टाचा जमिनीवर आपटल्या आणि म्हणाला, “यार संग्राम, ही तर माझ्याच मापाची आहे. तू हिच्यावर चढतोस कसा, शिडी लावून?”

शुक्रवारी संग्रामसिंह पाटणकर बाजारात आले ते राजासारखे. पाठ मागे, पाय पुढे. स्कूटर नाही, केळी नाहीत, गाय नाही. आबासाहेबांच्या खुर्चीपासून तीन हातांवर त्यांनी गाडी उभी केली, दोन्ही पावलं भक्कम टेकवली, उतरले आणि पायांवर डोकं ठेवलं. आशीर्वादाचा हात आला नाही.

“कालची गाडी कोणाची होती?” आबासाहेबांनी विचारलं.

“माझीच, आबासाहेब. काल चूक झाली. माफ करा.”

“चूक आज झाली आहे.”

संग्रामसिंह वाकलेलेच राहिले.

“बारा वर्षं तू या गाडीवरून माझ्यासमोर येतोस,” आबासाहेब म्हणाले. “आधी तुझे बूट येतात, मग पोट, आणि सगळ्यात शेवटी तोंड. मी कधी बोललो नाही. म्हटलं, भावाचा मुलगा आहे, बाप लवकर गेला, कोण शिकवणार. काल पहिल्यांदा तू मान खाली घालून आलास. हनुवटी पार टाकीला टेकली होती. तीनदा आलास. तीन मुजरे. पलटण सोडल्यापासून मला कोणी तीन मुजरे केलेले नाहीत. डोळे भरून आले, म्हणून बोललो नाही.”

संग्रामसिंहांनी तोंड उघडलं. अवंतिकाचा चेहरा आठवला. तोंड मिटलं.

“रविवारी कान्होजी येतोय,” आबासाहेब म्हणाले. “या पसरट गाडीवर आलास तर मी शब्द टाकणार नाही. कालच्या गाडीवर ये, कालसारखा. त्याला कळू दे, आमच्याकडची मुलगी कोणत्या घरातून जाते ते.”

शनिवारी दिग्विजयसिंहाकडून स्पोर्ट टूरर परत आली, जरा नाराजीनेच. संग्रामसिंह लगेच आबासाहेबांच्या घराकडे पाहणी करून आले. घरासमोर छोटी गोल बाग होती, तिच्याभोवती रस्ता, आणि फाटकाच्या डाव्या हाताला उत्तम चौथरा. त्यांनी टेप लावून मोजला. नऊ इंच. रात्री ते निवांत झोपले.

रविवारी अकरा वाजता ते बागेपाशी वळले तेव्हा फाटकात आबासाहेब, कान्होजीराव, यशोधन, त्याचे आईवडील आणि त्यांच्यामागे विनिता अन् अवंतिका, सगळे स्वागताला उभे होते. इंदूरच्या मंडळींच्या दोन्ही मोटारी चौथऱ्याला चिकटून उभ्या होत्या.

संग्रामसिंह वाकले आणि पुढे गेले. आबासाहेबांनी छाती पुढे काढली आणि कान्होजीरावांना कोपराने हलकेच ढोसलं. दुसऱ्या फेरीला कान्होजीरावांनी चष्मा पुसला. तिसऱ्या फेरीला त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, “मानसिंग, आमच्याकडे तर पोरं हात पण जोडत नाहीत.” आबासाहेबांनी त्याच वेळी शब्द टाकला. चौथ्या फेरीला विनिता यशोधनच्या कानाशी लागून मोटार हलवायला सांगत होती, आणि तो किल्ली वडिलांच्या खिशात आहे असं हळू आवाजात सांगत होता. वडील हात जोडून उभे होते. अशा वेळी त्यांच्या खिशात कोण हात घालणार?

पाचव्या फेरीला अवंतिका रस्त्याच्या कडेला पुढे आली.

“बाबा, हो म्हणाले,” ती म्हणाली.

संग्रामसिंहांना थांबून तिला जवळ घ्यायचं होतं. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि सहाव्या फेरीला निघाले. मागून कान्होजीरावांचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

“लग्नाच्या वरातीत,” ते आबासाहेबांना सांगत होते, “घोड्याच्या पुढे इंदूरभर हेच चालतील, याच गाडीवर.”